डबलसीट निघण्याआधी: मागे माणूस असताना गाडी किती जोरात मारायची?

लायसन्स हातात आलं, गाडी दारात लागली, की पहिल्या आठवड्यातच मागच्या सीटवर कुणीतरी बसतं. आईला शहापूरला मावशीकडे सोडायचं असतं, मित्राला कॉलेजवरून घ्यायचं असतं, बायकोला घेऊन सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जायचं असतं. क्लच कसा सोडायचा, गियर कसा टाकायचा हे शिकवणारे पुष्कळ भेटतात. मागे माणूस बसला की तीच गाडी वेगळी चालते, हे मात्र कुणी समोर बसवून सांगत नाही.

बेळगाव, खानापूर, संकेश्वर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी हे लिहितेय, आणि माझा सगळा रोख वेगावर आहे. वेग पुढचा ठरवतो. मागच्याच्या हातात ना ब्रेक असतो ना हँडल, समोरचा रस्तासुद्धा त्याला पुढच्याच्या खांद्याआडून दिसतो. त्यामुळे डबलसीटचा वेग मागे कोण आणि कसं बसलंय ते बघून ठरवायचा. इंजिनात किती दम आहे हा प्रश्न नंतरचा. मी स्वतः मागच्या सीटवरून पडलेय, दवाखान्यातून आणि विम्याच्या कागदांतून गेलेय, आणि आता माझ्या स्कूटरवर आईला घेऊन रोज फिरते. दोन्ही सीटवरून जे कळलं ते क्रमाने सांगते.

१. माणूस बसवण्याआधी कागद

शिकाऊ लायसन्सवर मागे कुणाला बसवता येत नाही. अपवाद एकच, पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा. शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्याची चाचणी देता येते. तो काळ हात बसण्यासाठी आहे, मित्रांना फिरवण्यासाठी नाही. गियरची मोटरसायकल १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय चालवता येत नाही. घरातल्या अल्पवयीन मुलाने गाडी नेली आणि गुन्हा झाला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही.

जवळ हे असू द्या:

- लायसन्स
- आरसी
- विम्याची पॉलिसी
- पीयूसी
- घरच्या एका माणसाचा नंबर, कागदावर लिहिलेला (पडल्यावर फोन लॉक असतो, फुटलेला असतो)

पहिले चार कागद डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये असले तरी कायद्याने चालतात. पण कणकुंबीकडे गेलात की रेंजचा भरवसा नसतो, म्हणून ते आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

आता विमा. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. आपल्याकडे बहुतेक जण पोलिसांनी अडवू नये एवढ्यापुरता थर्ड पार्टी विमा काढतात. त्या विम्यात रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाची भरपाई असते. तुमच्याच गाडीवर मागे बसलेला माणूस त्यात आपोआप धरला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच तसा निकाल दिलेला आहे. पॅकेज पॉलिसी, म्हणजे ज्याला एजंट ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात, तिच्यात मागचा माणूस येतो. नव्या गाडीबरोबर ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा मिळतो, म्हणून लोक निर्धास्त असतात आणि बाकीचा विमा वर्षभरात संपून गेल्याचं त्यांच्या ध्यानातही येत नाही. गाडीमालकाला स्वतःसाठी १५ लाखांचं अपघात कवच घ्यावं लागतं, तेही फक्त मालकालाच लागू पडतं. मागच्यासाठी वेगळं अपघात कवच थोड्या पैशांत जोडून मिळतं. एजंटला सरळ विचारा, “मागं बसलेल्याला काय मिळणार? पॉलिसीत कुठं लिहिलंय ते दाखवा.” मी हे विचारायला शिकले ते खांद्याचं हाड मोडल्यानंतर. पॉलिसी उघडून बघितली तेव्हा मागच्या सीटचा उल्लेखसुद्धा तिच्यात नव्हता.

२. गाडी दोघांसाठी तयार करा

एकट्यासाठी लावलेली गाडी दोघांना घेऊन जोरात पळवली की ती सांगेल तसं ऐकत नाही. निघण्याआधी दहा मिनिटं द्या.

हवा. मागच्या चाकात एकट्यासाठी वेगळी आणि दोघांसाठी वेगळी हवा लागते. कित्येक १०० ते १२५ सीसी गाड्यांना एकट्यासाठी २८-२९ पौंड आणि दोघांसाठी ४० च्या आसपास हवा सांगितलेली असते. नेमका आकडा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. पंपावरच्या पोराला नुसतं “हवा मार” म्हणू नका, आकडा सांगा. कमी हवेचं मागचं चाक वळणावर डुलतं, आणि हे डुलणं वेग वाढला की एकदम जाणवतं.

मागचे शॉकअप. त्यांच्या खालच्या बाजूला खाचा असलेली रिंग असते. नेहमी डबलसीट जात असाल तर मेकॅनिककडून ती एक-दोन खाचा वर घ्या. नाहीतर मागची बाजू बसते, पुढचं चाक हलकं होतं, हँडल हातात सैल लागतं. शिवाय हेडलाईट वर उचलला जाऊन समोरच्याच्या डोळ्यांवर जातो आणि तुमच्या पुढचा रस्ता अंधारातच राहतो. रात्री डबलसीट निघण्याआधी मागे माणूस बसवूनच भिंतीवर लाईट टाकून बघा.

ब्रेक. वजन वाढलं की तेवढ्याच जागेत थांबायला ब्रेकवर जास्त जोर लागतो. जुन्या ड्रम ब्रेकमध्ये तो जोर असतोच असं नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारा) सक्तीचं झालं. तुमची गाडी त्याआधीची असेल तर वेगाचा आकडा आणखी खाली घ्या.

मागचे फुटरेस्ट, धरायची दांडी आणि साडीगार्ड. हे तिन्ही असायलाच हवेत असा नियम आहे, साडीगार्डने मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकला पाहिजे. गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून घरी आणताच साडीगार्ड काढून टाकणारे आहेत. कृपा करून काढू नका. ओढणीचं टोक किंवा साडीचा पदर चाकात गेला की माणूस मागे ओढला जातो, गळ्याला फास बसतो, आणि हे सगळं पुढच्याला काही कळायच्या आत होतं.

३. मागे बसणाऱ्याशी दोन मिनिटं बोला

हेल्मेट दोघांना. कर्नाटकात मागच्यालाही हेल्मेट २०१६ पासून सक्तीचं आहे. केंद्राच्या कायद्यातही चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते लागतं, आणि मागच्याच्या डोक्यावर हेल्मेट नसेल तर चालवणाऱ्याचं लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. आयएसआय मार्क बघा. रस्त्याकडेला मिळणारी प्लॅस्टिकची टोपी नको. पट्टा हनुवटीखाली लावलेला असला पाहिजे. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पडतं.

दोन्हीकडे पाय टाकून बसणं सगळ्यात सुरक्षित. आपल्याकडे साडीतल्या बायका एका बाजूला बसतात, हातात बाजाराची पिशवी, मांडीवर मूल. आईला किंवा आजीला “असं बसू नकोस” म्हणणं दर वेळी शक्य नसतं, ते मला ठाऊक आहे. पण मग वेग त्याप्रमाणे ठेवा. एका बाजूला बसलेल्या माणसाला गुडघ्यांनी गाडी धरता येत नाही, त्याचं वजन एकीकडे असतं आणि त्याचा सगळा आधार एका हातावर असतो. अशा वेळी ४० च्या वर जाऊच नका. पिशवी मागच्याच्या हातात ठेवू नका, पुढे हुकला लावा किंवा डिकीत टाका, म्हणजे निदान दोन्ही हात धरायला मोकळे राहतील.

लहान मूल असेल तर नियमच आहे: ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि वेग ४० च्या आत. हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मूल टाकीवर बसवायचं नाही. आई, बाबा आणि मध्ये मूल अशी सवारी तर ओळखीची आहे, पण कायद्याने दुचाकीवर चालवणारा आणि मागे एकच, एवढीच माणसं बसू शकतात.

खुणा ठरवा. पन्नासच्या पुढे वाऱ्यात मागचं बोलणं ऐकू येत नाही, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट असेल तर मुळीच नाही. आमच्या घरी ठरलंय, खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे बाजूला घेऊन थांब. थाप पडली की आधी वेग कमी करायचा, कारण नंतर विचारायचं.

४. वेगाचा हिशेब

हा भाग सावकाश वाचा.

समोर काही आडवं आलं ते दिसणं, मेंदूने ओळखणं आणि हात-पाय ब्रेकवर जाणं यात साधारण एक सेकंद जातो. त्या सेकंदात गाडी त्याच वेगाने पुढे जात असते. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि चांगला ब्रेक धरून ढोबळ हिशेब असा येतो:

- ४० चा वेग: एका सेकंदात ११ मीटर, मग ब्रेकवर १० मीटर. एकूण सुमारे २१ मीटर.
- ६० चा वेग: एका सेकंदात १७ मीटर, मग ब्रेकवर २३ मीटर. एकूण सुमारे ४० मीटर.
- ८० चा वेग: एका सेकंदात २२ मीटर, मग ब्रेकवर ४१ मीटर. एकूण सुमारे ६३ मीटर.

४० वरून ८० वर गेलात, म्हणजे वेग दुप्पट झाला, पण ब्रेक लावल्यानंतरचं अंतर चौपट झालं. वेगाच्या वर्गाने ऊर्जा वाढते, तिला सूट नाही. ६० च्या वेगाने एखाद्या थांबलेल्या वस्तूवर आपटणं आणि चौथ्या मजल्यावरून खाली पडणं, यात अंगाला बसणारा मार जवळजवळ सारखा असतो.

हे आकडे चांगल्या गाडीचे आणि सराईत हाताचे आहेत. नवा माणूस घाबरून मागचा ब्रेक दाबून धरतो, चाक घसरतं, अंतर वाढतं. ब्रेक मारताच मागचा माणूस त्याच्या सगळ्या वजनासह तुमच्या पाठीवर येतो, तुमचे हात हँडलवर दाबले जातात आणि नेमकं त्याच वेळी हँडल सरळ ठेवायचं असतं. म्हणून रिकाम्या मैदानात किंवा सुट्टीच्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर, मागे एखादा जाणता माणूस बसवून, ३० च्या वेगात दोन्ही ब्रेक एकत्र लावून थांबायचा सराव करा. मग ४० ला करा. हा सराव झाल्याशिवाय हायवेला जाऊ नका.

ओव्हरटेकचा हिशेब त्याहून वाईट. समोर ५० ने चाललेली एसटी आहे आणि तुमची १०० सीसी गाडी दोघांना घेऊन जेमतेम ६० ला चढतेय. एसटीच्या मागून निघून तिच्या पुढे सुरक्षित जागी यायला १४ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही सुमारे २३० मीटर जाता. समोरून कुणी ६० ने येत असेल तर तोही तेवढाच जवळ येतो. म्हणजे जवळपास अर्धा किलोमीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. एकट्याने जाताना हीच गाडी झटकन पुढे निघते, म्हणून हाताला तशी सवय लागलेली असते. डबलसीट असताना ती सवय घात करते. एवढा रस्ता दिसत नसेल तर एसटीच्या मागे राहा, पुढच्या थांब्यावर ती थांबणारच आहे.

कायद्याची मर्यादा: केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे मोटरसायकलला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ८०, शहराच्या हद्दीत ६० आणि इतर रस्त्यांवर ६०. जिथे फलकावर कमी आकडा आहे तिथे तोच धरायचा. ही वरची हद्द आहे. नव्या माणसाने डबलसीट असताना धरावेत असे माझे आकडे: गल्लीत आणि बाजारात २०, गावातून जाताना ३०, साध्या दुपदरी रस्त्यावर ४५, हायवेवर ५५, आणि मागचा माणूस एका बाजूला बसलेला असेल तर कुठेही ४० च्या वर नाही.

वेळेचंही बोलू. बेळगाव ते खानापूर सुमारे २५ किलोमीटर. ५० ने गेलात तर अर्धा तास, ७० ने गेलात तर एकवीस-बावीस मिनिटं. कागदावर आठ-नऊ मिनिटं वाचतात. मच्छे, उद्यमबागची गर्दी आणि गतिरोधक धरले तर तेवढीही वाचत नाहीत.

५. आपल्या भागातले रस्ते आणि त्यांचे सापळे

गतिरोधक. माझ्या मते मागच्या माणसाचा सगळ्यात मोठा वैरी हाच. मागची सीट मागच्या चाकाच्या जवळजवळ वरच असते, त्यामुळे पुढच्याला नुसता हिसका बसतो तिथे मागचा सीटवरून उचलला जातो. मी पडले ती जांबोटी रस्त्यावर, तिन्हीसांजेला, पाऊस नुकताच थांबलेला असताना. गतिरोधकावर पांढरे पट्टे नव्हते आणि ओल्या डांबरात तो डांबराचाच रंग घेऊन पडलेला. माझा मावसभाऊ पुढे होता, गाडी साठच्या आसपास असेल. मी एका बाजूला बसले होते. पुढचं चाक गेलं तेव्हा दात आपटले. मागचं चाक गेलं तेव्हा माझ्याखाली सीटच नव्हती, आणि फुटरेस्टवरचा पाय हवेत होता. गाडी पडली नाही. मी पडले. भावाला मागचं वजन हलकं झाल्यावर कळलं, आणि थांबेपर्यंत तो बराच पुढे गेला होता. गाडी उभीच असते आणि मागचा माणूस रस्त्यावर, डोकं आधी. आपल्याकडच्या खेड्यांत असे किती तरी गतिरोधक रंग न मारलेले, मनाला येईल त्या उंचीचे आहेत. शाळा, देऊळ, फाटा, बसथांबा दिसला की गतिरोधक आहे असंच धरून ३० वर या.

पुणे-बेंगळुरू हायवे, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८. कोगनोळी, निपाणी, संकेश्वर, यमकनमर्डी, काकती असा तो बेळगावात येतो. तवंदी घाट आणि वंटमुरी घाट इथे उताराला वजनदार ट्रक असतात, त्यांचे ब्रेक तापलेले असतात. ट्रकच्या पुढे राहून उतरू नका आणि त्याच्या बाजूलाही राहू नका. तुमची गाडीही उताराला न्यूट्रलमध्ये सोडू नका, दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये ठेवा. दोघांच्या वजनाने गाडी आपोआप पळते आणि नुसत्या ब्रेकवर धरली तर ब्रेक तापून हलका पडतो. रुंदीकरणाचं काम चालू असतं तिथे वाट अचानक सर्व्हिस रोडवर वळवलेली असते आणि वळणावर खडी सांडलेली असते. सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने येणारे असतातच, तुम्ही योग्य बाजूला आहात म्हणून निर्धास्त राहू नका.

बेळगाव-वेंगुर्ला रस्ता, हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची, शिनोळी. पुढे आंबोलीकडे पावसाळी सहलीला जाणाऱ्या पोरांच्या जोड्या याच रस्त्याने जातात. खानापूर-लोंढा आणि जांबोटी-कणकुंबी-चोर्ला हे जंगलातले रस्ते आहेत. तिथे संध्याकाळनंतर गवा आडवा येतो. गवा हॉर्नला बाजूला होत नाही. पावसात दरडीची तांबडी माती रस्त्यावर येते आणि तेल सांडल्यासारखी होते. धुक्यात लाईट अप्परला टाकला तर पांढरी भिंत दिसते, डिपरवर ठेवा. ओल्या रस्त्यावर थांबायचं अंतर दीडपट धरून चाला.

उसाचा हंगाम. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की चिकोडी, रायबाग, अथणी, संकेश्वर भागात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. मागे लाईट नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला असतो, ऊस दोन्हीकडून बाहेर आलेला असतो. पंक्चर झालेली ट्रॉली भर रस्त्यात उभी करून माणसं निघून गेलेली असतात. हेडलाईटमध्ये अशी ट्रॉली दिसते तेव्हा ती तीस-चाळीस मीटरवर असते. वरचा हिशेब आठवा: ६० ला ४० मीटर लागतात. हंगामात रात्री डबलसीट असताना ४० च्या वर जायचं नाही, आणि उसाच्या ट्रॉलीला डावीकडून कधीच काढायचं नाही.

शहरात वेग कमी असतो, तरी दोन ठिकाणं ध्यानात ठेवा. टिळकवाडीत रेल्वे गेट ओलांडताना रुळांवर चाक काटकोनात घ्या, तिरकं घेतलं तर ओल्या रुळावरून चाक सटकतं. आणि खडेबाजार, गणपत गल्लीत मागच्याचे गुडघे बाहेर आलेले असतात. उभ्या रिक्षाला लागून गुडघा सोलवटतो.

फलक बरेचसे कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर लाल त्रिकोणातलं चित्र बघा, ते सगळीकडे सारखंच असतं.

६. “पळव की रे” म्हणणारे, आणि “हळू घे” म्हणणारे

मित्र मागे बसला की चालवणाऱ्याच्या मनगटात वेगळंच बळ येतं. दुसरी जोडी बाजूने गेली की मागचा म्हणतो, “सोडालास काय त्याला?” मागे बसणाऱ्याला माझं सांगणं आहे, असं बोलू नका. वेग वाढला तर आधी जाणारे तुम्ही आहात.

आणि भीती वाटत असेल तर गप्प बसू नका. बायका बऱ्याचदा गप्प बसतात. नवरा, दीर, भाऊ चालवतोय, त्याला सगळ्यांपुढे कसं बोलायचं म्हणून डोळे मिटून पाठीला धरून बसतात. स्पष्ट म्हणा, “किती जोरात मारालास, हळू घे की!” दुसऱ्यांदाही ऐकलं नाही तर “मला उतरायचंय, थांबव” म्हणा आणि उतरा. चालत्या गाडीवर मागून हात ओढणं किंवा अंग हलवणं मात्र नको, त्याने तोल जातो.

चालवणाऱ्याने दारू घेतली असेल तर बसूच नका. जत्रेहून, लग्नाच्या वरातीहून परतताना हा प्रसंग येतो. मुक्काम करा, रिक्षा करा, शेवटच्या एसटीने जा.

७. पडलात किंवा कुणी पडलेलं दिसलं, तर

आधी गाडी आणि माणसं रस्त्याच्या कडेला येण्यासाठी मागून येणाऱ्यांना थांबवा. मग १०८ ला अँब्युलन्ससाठी आणि ११२ ला पोलिसांसाठी फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ सुद्धा आहे. हे नंबर कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतात, म्हणून गाव, तालुका आणि राज्य आधी सांगा.

जखमी माणूस श्वास घेत असेल तर त्याचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेला धक्का लागतो. पाणी पाजू नका. रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. दोघांच्या मध्ये बसवून दुचाकीवरून दवाखान्यात नेऊ नका. मणक्याला मार असेल तर तेवढ्यानेच माणूस कायमचा जायबंदी होतो. डोक्याला मार लागलेला माणूस उठून बसला, बोलला तरी दवाखान्यात न्याच. उलटी, गुंगी, एकच गोष्ट परत परत विचारणं ही लक्षणं नंतर सुरू होतात.

मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती मनातून काढा. २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला योजनेतल्या रुग्णालयात ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचार मिळतात. दाखल करतानाच त्याबद्दल विचारा.

भरपाईच्या दाव्यासाठी हे जमवा:

- एफआयआरची प्रत आणि पंचनामा
- जखमेचं प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं आणि औषधांच्या चिठ्ठ्या
- दोन्ही गाड्यांची आरसी आणि विमा, चालवणाऱ्याचं लायसन्स
- पगाराचा किंवा उत्पन्नाचा पुरावा
- जागेचे फोटो, गतिरोधक किंवा खड्डा कारण असेल तर त्याचाही

पंचनामा आणि जबाब कन्नडमध्ये लिहिलेला असतो. वाचता येत नसेल तर जाणत्याकडून ओळन् ओळ वाचून घ्या आणि मगच सही करा. माझ्या जबाबात मी पुढे बसले होते असं लिहिलं गेलं होतं; शेजारच्या काकांनी वाचलं म्हणून ते जागेवर दुरुस्त झालं.

मागच्याला गंभीर इजा झाली किंवा जीव गेला, तर गुन्हा चालवणाऱ्यावर दाखल होतो, तो सख्खा भाऊ असला तरी. निष्काळजीपणाने मृत्यूला कारण ठरल्यास भारतीय न्याय संहितेत ५ वर्षांपर्यंत कैद आहे. घरच्या घरी मिटवू म्हणून एफआयआर टाळली तर पुढे विम्याचा दावा उभा राहणं अवघड होतं, हेही तितकंच खरं.

मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे अर्ज अपघातापासून ६ महिन्यांच्या आत करायचा असतो. अपघात शिनोळीत किंवा चंदगड तालुक्यात झाला, एफआयआर महाराष्ट्रात नोंदली गेली, तरी अर्ज तिकडेच करावा लागतो असं नाही. तुम्ही राहता त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडेही तो करता येतो, म्हणजे बेळगावचा माणूस बेळगावात अर्ज देऊ शकतो. वकिलाकडे जाताना पॉलिसीची मूळ प्रत न्या, आणि अपघातात आपटलेलं हेल्मेट टाकून देऊ नका. डोक्यावर ते होतं याचा तोच पुरावा असतो. पुन्हा घालायला मात्र नवं घ्या.